पाना हाती आहे, स्कॅनरही हवा

१ एप्रिल २०२० पासून देशात नव्या गाड्यांना बीएस-६ मानक लागू झाले. त्या तारखेने रस्त्याकडेच्या गॅरेजचे काम बदलले. पण तिथे काम करणाऱ्याला नवे काम शिकवण्याची जबाबदारी कुणी घेतली नाही.

कार्ब्युरेटर खोलून साफ करणे, आवाजावरून इंजिनचा दोष ओळखणे ही आपल्या उस्तादांची विद्या. आता नव्या दुचाकींत कार्ब्युरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आले आहे. पेट्रोल किती सोडायचे हे सेन्सरच्या माहितीवरून ईसीयू ठरवतो. बिघाडाचा कोड स्कॅनर दाखवतो, पण कोड म्हणजे निदान नव्हे. ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला म्हणून सेन्सर बदलावा आणि खरी गळती सायलेन्सरच्या पाइपात निघावी, असे होऊ शकते. मग ग्राहकाचे पैसे जातात आणि गॅरेजचे नावही जाते. इलेक्ट्रिक कारमध्ये तर चूक जिवावर बेतते. तिच्या नारिंगी केबलमधून शेकडो व्होल्टचा प्रवाह जातो.

“मिस्त्री लोकांना शिकायचेच नसते,” असे सर्रास म्हटले जाते. हे खरे नाही. आमच्या सॉफ्टवेअर क्षेत्रात नवे तंत्र आले की अनेक कंपन्या शिकायला वेळ देतात आणि त्या दिवसांचा पगारही चालू राहतो. मेकॅनिकने एक दिवस शटर खाली ठेवले तर त्या दिवशी घरात पैसे येत नाहीत. आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, तोही दहावी पास मुलांसाठी. शाळा सोडून गॅरेजात आलेल्या, आज चाळिशीत असलेल्या कारागिराने तिथे कसे जायचे? सरकारच्या कौशल्य योजनेत हातच्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. ती जरूर घ्यावी. पण जुन्या कौशल्यावर शिक्का बसला म्हणून नवे कौशल्य येत नाही.

सच्चर समितीने २००६ मध्येच नोंदवले होते की मुस्लिम समाज नोकरीपेक्षा स्वयंरोजगारावर जास्त अवलंबून आहे. मोहल्ल्यातले गॅरेज बंद पडले तर त्यामागे ना पेन्शन असते, ना भविष्य निर्वाह निधी.

म्हणून काही गोष्टी आपण स्थानिक पातळीवर सुरू कराव्यात. आठवड्यातून एका संध्याकाळी दोन तासांचा वर्ग, खऱ्या गाडीवर आणि गॅरेजात बोलल्या जाणाऱ्या भाषेत. पाच-सहा गॅरेजेसनी मिळून एक चांगला स्कॅनर घ्यावा. मल्टिमीटर कसा वापरायचा, वायरिंगचा नकाशा कसा वाचायचा, हे आपल्यातले इंजिनिअर आणि पॉलिटेक्निकचे विद्यार्थी शिकवू शकतात. आवाज आणि कंपन ओळखायला तेही उस्तादांकडून शिकतील. कॉलेजच्या मुलांना शिष्यवृत्ती देणाऱ्या आपल्या ट्रस्टनी प्रशिक्षणाला आलेल्या मेकॅनिकची त्या दिवसाची मजुरी द्यावी. तीही शिष्यवृत्तीच आहे.

ग्राहक म्हणून आपलेही एक काम आहे. आपण पार्टचे पैसे देतो, पण दोष शोधण्याचे पैसे द्यायला कुरकुरतो. मग मेकॅनिक शोधण्याऐवजी पार्ट बदलत बसला तर दोष एकट्या त्याचा कसा? तपासणीचे पैसे वेगळे द्या. डोक्याच्या कामाला दाम मिळाला, तर शिकण्यासाठी दिलेला वेळ त्याला परवडेल.