किल्ला विकत आणायचा की सगळ्यांनी मिळून बांधायचा?

राजगड, तोरणा आणि रोहिडा हे खरे किल्ले ज्या तालुक्यांत उभे आहेत, तिथल्या मुलांना दिवाळीचा किल्ला बांधायला कोणी सांगावे लागू नये. तरीही भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांत हा प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे. किल्ला बांधायला मुले आहेत, माती आहे, दगड आहेत. कमी पडते ती सोबत.

अडचण नेमकी कुठे आहे?

दिवाळीच्या सुमारास या भागात भातकापणीची घाई असते. आईवडील खाचरात असतात. कामासाठी पुण्या-मुंबईला गेलेली माणसे दोन-चार दिवसांसाठी घरी येतात आणि भाऊबीज उरकली की परततात. डोंगरातल्या वाड्यांवर शाळेचा पट कमी, त्यामुळे बरोबरीचे सवंगडीही मोजकेच. मग मूल मोबाइल हातात घेते. शहरात तर प्लास्टरचा तयार किल्ला विकत मिळतो. तो सुबक असतो, पण त्यात मुलाने करण्यासारखे काहीच उरत नाही. दोष मुलांचा नाही आणि थकलेल्या पालकांचाही नाही. एकत्र बसायला जागा आणि ठरलेली वेळ नाही, हे खरे दुखणे आहे.

इतरत्र काय करतात?

इंग्लंडमध्ये पोर्ट्समथजवळच्या एका चर्चने २००४ मध्ये ‘मेसी चर्च’ सुरू केले. मुले आणि मोठ्यांनी मिळून हाताने काही बनवायचे, थोडी प्रार्थना करायची आणि एकत्र जेवायचे, असे त्याचे स्वरूप. मुलांना सोडून पालकांनी निघून जाणे त्यात अपेक्षित नाही. हा प्रकार पुढे अनेक देशांत पसरला. काही चर्चमध्ये प्लास्टिकच्या ठोकळ्यांचे कौटुंबिक खेळही होतात. आपल्याकडे वसईत नाताळचा गोठा उभारताना घरदार हात लावते.

ठोकळ्यांचा विचारही जुना आहे. जर्मनीत फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये बालशिक्षणाची संस्था काढली आणि लाकडी ठोकळ्यांना शिक्षणाचे साधन मानले. लेगोच्या आजच्या ठोकळ्याचे पेटंट १९५८ चे. महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले, तेव्हा महागड्या साधनांऐवजी गावात मिळणाऱ्या वस्तू मुलांच्या हाती दिल्या. भोर-वेल्ह्याने हाच धडा घ्यावा. इथला ठोकळा म्हणजे दगड, विटेचा तुकडा आणि खाचराची माती.

किल्ला बांधताना मूल काय शिकते?

राजगडच घ्या. मधोमध बालेकिल्ला, भोवती पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या. माची लांब का, बुरूज कडेलाच का, पाण्याची टाकी कुठे, हे प्रश्न हात मातीत गेले की आपोआप पडतात. पाया अरुंद ठेवला तर तट ढासळतो. उतार चुकला तर पाणी साचते. मोहरी किंवा हळीव पेरले की उगवायला किती दिवस लागतात, हेही कळते. जुलै २०२५ मध्ये राजगडासह १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यांच्या पायथ्याच्या मुलांना ते फक्त पर्यटकांचे ठिकाण वाटू नये, यासाठी हा खेळ उपयोगी आहे.

कुठे आणि कसे करावे?

भाऊबीजेच्या आसपास एक दुपार, तीन ते सहा, एवढे पुरे. शेतातले काम एक दुपार थांबू शकते, चार दिवस थांबू शकत नाही. मंदिराचा सभामंडप, समाजमंदिर किंवा शाळेचे मैदान ही जागा. मात्र एक अट पाळावी. ज्या अंगणात कातकरी वस्तीतल्या मुलासह सगळ्या आळ्यांची मुले मोकळेपणाने येत नसतील, तिथे हा खेळ ठेवू नये. अशा वेळी शाळेचे मैदान बरे.

दोन-तीन घरांचा एक गट करावा आणि एकाच भावकीचा गट टाळावा. दगड मोठ्यांनी उचलावेत, दरवाजा कुठे ठेवायचा हे मुलांनी ठरवावे. पाहुणी आलेली आत्या आणि ओसरीवर बसलेले आजोबा यांनाही गटात घ्यावे; दगड रचून बांध घालणाऱ्या माणसाइतके तटबंदीचे ज्ञान पुस्तकात नसते. साहित्य घरचेच: गोणपाट, विटा, माती आणि बाजारातली मावळ्यांची चित्रे. शेवटी प्रत्येक गटातल्या मुलाने आपला किल्ला सर्वांना दाखवावा आणि सगळ्यांनी मिळून फराळ करावा.

स्पर्धा का नको?

बक्षीस लागले की चुरस वाढते, गावात उत्साह येतो, असे म्हणणारे अगदी चूक नाहीत. पण नंबर आला की किल्ला मोठ्यांचा होतो. काका बुरूज घासत बसतात आणि मूल पाणी आणून देते. ज्याच्याकडे थर्मोकोल आणि दिव्यांच्या माळा, त्याचा किल्ला उठून दिसतो. शिवाय मंडळामंडळांतली जुनी ईर्षा मुलांच्या खेळात शिरते ती वेगळीच. बक्षिसाचे पैसे फराळाला वापरले तर कोणाचेच नुकसान नाही.

यासाठी सरकारी योजनेची वाट पाहण्याची गरज नाही. ग्रामपंचायतीने जागा मोकळी करून द्यावी, शिक्षकांनी राजगडाचा नकाशा भिंतीवर लावावा आणि बचत गटाने चहा ठेवावा. शहरातून चार दिवसांसाठी आलेल्या बापाने त्यातली एक दुपार मुलाबरोबर मातीत घालवली, तर त्या दिवाळीची आठवण दोघांनाही राहील. फक्त ती तारीख आत्ताच ठरवायला हवी.