तलवारीच्या चकतीचे माहेर

आमच्या आत्याबाई लग्नमंडपात बसल्या बसल्या कोणाच्याही साडीचे गाव सांगायच्या. लाल टोपी पदर दिसला की, "ही इरकल". पण तेवढ्यावर त्या थांबायच्या नाहीत. जवळ बोलावून पदर जिथे अंगाला जोडला आहे तो जोड बोटाने चाचपायच्या. नक्षी कोणीही उचलतो, जोड उचलता येत नाही, असे त्यांचे म्हणणे.

परवा जपानी तलवारींवरचे एक पुस्तक चाळताना त्यांची फार आठवण झाली. जपानी तलवारीत पाते आणि मूठ यांच्यामध्ये एक चकती असते. तिला त्सुबा म्हणतात. रुंदी साधारण सात-आठ सेंटिमीटर, म्हणजे तळहातात मावेल एवढी. मधल्या भोकातून पाते मुठीत जाते. बाजूला एक-दोन लहान भोके दिसली तर ती म्यानात खोचलेल्या छोट्या सुरीसाठी आणि केस सारख्या करायच्या सळईसाठी. हाताला आडोसा देणे आणि तलवारीचा तोल साधणे एवढेच या चकतीचे काम. पण तेवढ्याशा जागेत जपानी कारागिरांनी रानहंस, लाटा, मुळे, कोळ्याची जाळी, काय काय म्हणून कोरले!

आता ही चकती कोणत्या प्रांतातली, हे ओळखायचे कसे? नवखा माणूस आधी चित्राकडे बघतो, आणि तिथेच फसतो. गवताचे तुरे आणि मागे चंद्र, हा मुसाशीच्या माळाचा देखावा. पण तो काव्यातून सगळ्या जपानला पाठ झालेला, त्यामुळे कोणत्याही गावचा कारागीर तो कोरणार. आयरिसची फुले आणि फळ्यांचा पूल ही मिकावा प्रांतातली जागा. पण हा नमुना एडोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, आकासाका भागातल्या कारागिरांनीही कोरला आहे.

जाणकार आधी लोखंड बघतात. नागोया भोवतालच्या ओवारी प्रांताची चकती जाड आणि रांगडी. तिच्या कडेवर कडक पोलादाच्या गाठी वर आलेल्या दिसतात, हाडे उठून दिसावीत तशा. क्योटोची जाळी याच्या उलट. रेषा बारीक आणि नाजूक. चोशू प्रांतातल्या हागीचे लोखंड गुळगुळीत काळे, त्यावर झाडे-पाने आणि डोंगर-पाण्याचे देखावे उठावाने कोरलेले. कागा प्रांतातल्या कानाझावाची ख्याती सोन्या-चांदीच्या सपाट जडावाची.

मला स्वतःला मोह पडतो तो हिगोचा, म्हणजे आजच्या कुमामोतोचा. १६३२ मध्ये होसोकावा घराणे तिथे आले. त्यातले सान्साई हे चहाविधीचे मोठे रसिक. त्यामुळे तिथल्या कामात भपका कमी आणि मुरलेपणा जास्त. तिथल्या हायाशी घराण्यातला माताशिची बारीक आडव्या-उभ्या रेघा पाडून त्यावर सोन्याची तार ठोकून बसवायचा. आपल्याकडच्या कोफ्तगिरीचीच ही रीत. तांब्यात थोडे सोने मिसळून निळसर काळा रंग आणलेल्या चकत्या मात्र वेगळ्या घराण्यांच्या. त्यांतल्या गोतो घराण्याच्या कामात पार्श्वभूमीवर माशाच्या अंड्यांसारखे दाणे, एकेक करून ठोकलेले. बिदरीच्या काळ्या रंगाची आठवण होते, पण तिथे धातू जस्त-तांबे आणि रंग किल्ल्यातल्या मातीचा.

एवढे पाठ केले तरी गोंधळ उरतोच. आकासाका आणि हिगो यांचे काही नमुने शेजारी ठेवले तर भले भले अडखळतात. एक कारण असे की १६३५ पासून सरदारांना आलटून पालटून एडोत राहावेच लागे. त्यांच्याबरोबर माणसे गेली, माल गेला, हातातली रीतही गेली. मग त्या चकतीचे गाव कोणते म्हणायचे? घरात कन्नड, दारात मराठी बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना या प्रश्नाचे नवल वाटू नये!

सही असली की प्रश्न सुटला, असेही नाही. हिकोनेच्या सोतेनची सही असलेल्या चकत्या ढिगाने सापडतात. त्याच्या नावाला भाव होता, म्हणून इतरांनीही ते कोरले. सहीवर विसंबणे म्हणजे शिक्का बघून साडी घेणे.

आणखी एक फसवे नाव 'नानबान', म्हणजे दक्षिणेचे रानटी लोक. जपानी लोक पोर्तुगीजांना असे म्हणत. पोर्तुगीज १५४३ मध्ये तिथे पोहोचले. जुन्या गोव्यात ज्यांचे शव आहे ते फ्रान्सिस झेवियर गोव्याहूनच निघून १५४९ मध्ये कागोशिमाला उतरले. तेव्हा वेलींत गुंतलेल्या ड्रॅगनची नानबान चकती बघून गोव्याशी नाते जोडायचा मोह मलाही झाला. पण पोर्तुगीजांना १६३९ मध्ये घालवून दिले, आणि या चकत्या बहुतांशी त्यानंतरच्या. त्यांचा वळसा चिनी आणि डच व्यापारातून आलेल्या मालाचा आहे.

१८७६ मध्ये तलवार बांधून फिरायला बंदी आली. कारागिरांची पोटे उघड्यावर पडली. कानो नात्सुओसारख्या नामांकिताने त्याआधीच ओसाकाच्या टांकसाळीसाठी नाण्यांचे नमुने कोरले होते, पण सगळ्यांच्या नशिबी तसे काम कुठले? तलवारींपासून सुट्या झालेल्या चकत्या जहाजांतून युरोप-अमेरिकेत गेल्या. कोणी कागदाचे वजन केले, कोणी कपाटात ठेवल्या. सोबत ना मालकाचे नाव, ना गावाचे.

म्हणून कधी त्सुबा हाती आली तर मधल्या भोकाच्या टोकांना तांब्याचे तुकडे ठोकलेले आहेत का ते जरूर बघा. नवे पाते घट्ट बसावे म्हणून ते घालत. तुकड्यांवर पुन्हा तुकडे असतील, तर समजावे की ही चकती एका तलवारीवर नांदली नाही.