पीपीटीतलं लोखंड आणि वावरातलं लोखंड

माझी एक मैत्रीण मेकॅनिकलला आहे. मागच्या महिन्यात तिने सेमिनारची पीपीटी पाठवली. ‘तू पत्रकारितावाली, जरा भाषा बघ.’ विषय होता, आयन इम्प्लांटेशनने धातूचा पृष्ठभाग कठीण करणे. उपयोगांच्या यादीत पहिलं नाव शेती अवजारांचं. मी तेव्हा दुसरबीडला होते. म्हटलं, विचारून तर बघू. मोबाइल घेऊन वेल्डिंगच्या दुकानात गेले. कोपऱ्यात रोटाव्हेटरच्या झिजलेल्या पात्यांचा ढीग होता. काकांनी सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, “केवढा जाड थर बसते याचा?”

पीपीटीत हे कुठेच नव्हतं.

मग आम्ही दोघी शोधायला बसलो. निर्वात पेटीत नायट्रोजनच्या आयनांना साधारण १ लाख व्होल्टने वेग देऊन धातूवर आदळवतात. ते आत घुसून अडकतात, नायट्राइडचे सूक्ष्म कण तयार होतात आणि पृष्ठभाग कठीण होतो. वरून लेप नसल्यामुळे सोलून निघायची भीती नाही, मापही बदलत नाही. भारीच! पण खोली? जेमतेम ०.१ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहा हजारावा भाग. आमच्याकडच्या मुरमाड रानात पातं मिलिमीटरने झिजतं. हा थर पहिल्या काही तासांतच मातीत जाईल.

काका पात्याच्या धारेवर हार्डफेसिंगच्या रॉडने दोन-तीन मिलिमीटरचा थर चढवतात. मी त्याला आजवर जुगाड समजायचे. तेही सरफेस इंजिनीअरिंगच आहे, आणि लोहार तापलेल्या फाळाला पाणी देतो तेसुद्धा.

याचा अर्थ आयनवालं तंत्र फालतू आहे असा नाही. ब्रिटनमधल्या हार्वेलच्या अणुसंशोधन केंद्रात १९७० च्या दशकात त्यावर मोठं काम झालं. टायटॅनियमच्या कृत्रिम सांध्यांसाठी ते वापरलं गेलं. तुमच्या मोबाइलमधली चिप तर आयन घुसवल्याशिवाय बनतच नाही. जिथे वस्तू महाग आणि माप मायक्रॉनमध्ये सांभाळायचं, तिथे त्याला तोड नाही.

माझा राग आहे तो विषय निवडण्याच्या पद्धतीवर. पेरणीच्या तोंडावर पाती बदलायला शेतकऱ्याचे पैसे जातात आणि आपण प्रोजेक्ट मात्र तयार विकत आणतो. त्यापेक्षा एकाच रोटाव्हेटरला निम्मी साधी, निम्मी हार्डफेसिंगची पाती लावा. आधी आणि नंतर वजन करा. कोणतं पातं किती ग्रॅम झिजलं आणि खर्च परवडला का, हे कळेल. त्याला प्रयोगशाळाही लागत नाही.

मैत्रीण म्हणाली, “लोकल विषयाला एक्स्टर्नल मार्क देत नाहीत गं.” हे खरं असेल तर बदलायला हवेत ते मार्क देणारे.

तिने शेतीचा मुद्दा काढून तिथे गुडघ्याचा सांधा टाकलाय. काकांनी चार जुनी पाती बाजूला ठेवलीत. किराणा दुकानदार वजनकाटा द्यायला तयार आहे, फक्त सकाळी दुकान उघडायच्या आधी या म्हणतो.