फोकस गेला म्हणजे लक्ष गेले का?

१/१२
संगणकाच्या पडद्यावर पाच विंडो उघड्या आहेत आणि आपण कळफलकावरचे एक अक्षर दाबतो. ते कोणत्या विंडोत उमटावे? या प्रश्नाच्या उत्तराला संगणकाच्या परिभाषेत ‘फोकस’ म्हणतात. या संकल्पनेचा इतिहास आणि तिच्या आधारे माणसांविषयी दिल्या जाणाऱ्या निवाड्यांबद्दल माझे मत, या धाग्यात.

२/१२
‘फोकस’ या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ चूल. १६०४ मध्ये केप्लरने प्रकाशशास्त्रात किरण एकवटतात त्या बिंदूसाठी तो वापरला. पुढे तो मानवी अवधानालाही लागू झाला. संगणकात मात्र त्याचा अर्थ फार मर्यादित आहे : कळफलक या क्षणी कोणाच्या ताब्यात आहे, एवढाच. सारा घोळ या अर्थांच्या सरमिसळीतून होतो.

३/१२
जुन्या टर्मिनलवर बहुधा एका वेळी एकच संवाद चाले, म्हणून हा प्रश्नच नव्हता. १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात ‘आल्टो’ हा संगणक तयार झाला. तेथे ॲलन के यांच्या गटाने स्मॉलटॉकमध्ये एकमेकींवर आच्छादणाऱ्या विंडो साकारल्या. पडदा एक आणि दावेदार अनेक झाले, तेव्हा कळफलकाचा वारस ठरवणे भाग पडले.

४/१२
१९८४ च्या मॅकिंटॉशमध्ये विंडो पुढे आली की प्रोग्रामला ‘ॲक्टिव्हेट’ नावाची घटना कळवली जाई. मागे गेली की तिची उलट घटना. मागे जाणाऱ्या विंडोने निवडलेल्या मजकुरावरची छटा काढायची, स्क्रोलपट्ट्या लपवायच्या. हेतू एकच : आपण कोठे लिहीत आहोत हे वापरणाऱ्याला एका दृष्टिक्षेपात कळावे.

५/१२
१९८७ मध्ये मल्टिफाइंडर आले आणि मॅकवर अनेक प्रोग्राम एकत्र नांदू लागले. आता संपूर्ण प्रोग्रामलाच ‘सस्पेंड’ आणि ‘रिझ्यूम’ अशा सूचना मिळू लागल्या. मागे जाताना त्याने आपल्याजवळचा कॉपी केलेला मजकूर सामायिक क्लिपबोर्डवर ठेवायचा, म्हणजे पुढच्या प्रोग्रामला तो घेता येई. हा शेजारधर्म होता, पहारा नव्हे.

६/१२
मायक्रोसॉफ्टच्या विंडोजमध्येही (पहिली आवृत्ती १९८५) हाच विचार दिसतो. फोकस मिळाल्याचा संदेश आला की प्रोग्रामने मजकुरातली लुकलुकणारी उभी रेघ निर्माण करायची. फोकस गेल्याचा संदेश आला की ती नष्ट करायची. कारण ती रेघ सामायिक होती. एकाने सोडल्याशिवाय दुसऱ्याने ती घेऊ नये, हा त्यामागचा साधा संकेत.

७/१२
युनिक्स जगतातली एक्स विंडो प्रणाली १९८४ मध्ये एमआयटीत जन्मली. तिची अकरावी आवृत्ती १९८७ ची. तिथे ‘फोकसइन’ आणि ‘फोकसआउट’ या घटना आहेत. विशेष म्हणजे, विंडो मॅनेजरने शॉर्टकटसाठी कळफलक क्षणभर ताब्यात घेतला, तरी प्रोग्रामला ‘फोकसआउट’ मिळू शकते. वापरणारा जागचा हललेलाही नसतो!

८/१२
फोकस हिसकावलाही जातो. आपण लिहीत असताना मध्येच एखादी चौकट उगवते आणि आपले अक्षर तिच्यात जाते. हा उपद्रव इतका वाढला की विंडोज ९८ पासून मागच्या प्रोग्रामने परस्पर पुढे येण्यावर निर्बंध आले. त्याने टास्कबारवरचे आपले बटण लुकलुकवावे, असे ठरले. फोकस जाणे म्हणजे वापरणाऱ्याचीच कृती नव्हे, याची ही जणू अधिकृत कबुलीच.

९/१२
१९९६ च्या नेटस्केप नॅव्हिगेटर २.० मध्ये जावास्क्रिप्टबरोबर ‘ब्लर’ ही घटना वेबवर आली. अर्जातला एक रकाना भरून पुढे गेलात की तो तपासता यावा, हा तिचा उपयोग. पुढे ती संपूर्ण विंडोलाही लागू झाली. पण आजही पानातच बसवलेल्या दुसऱ्या चौकटीत क्लिक केले, तर मुख्य पानाला ‘फोकस गेला’ असेच कळते.

१०/१२
आता माझा अनुभव. २०२१ मध्ये घरून ऑनलाइन परीक्षा देत होते. उत्तर निवडत असतानाच अपडेटची चौकट आपोआप पुढे आली आणि पडद्यावर इशारा झळकला : आपण परीक्षेची विंडो सोडली आहे. तिसऱ्या इशाऱ्याला पेपर बंद होणार होता. माझी नजर प्रश्नावरून ढळली नव्हती, पण हात थरथरू लागले. उरलेला वेळ मी प्रश्नांपेक्षा पडद्याच्या कोपऱ्यांवरच अधिक लक्ष ठेवले. उलट, मांडीवर पुस्तक उघडून बसलेल्याचा फोकस शेवटपर्यंत अबाधित राहिला असता.

११/१२
इतिहासाच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी साधनचिकित्सा शिकवतात : नोंद कोणी, कशासाठी केली, ते आधी पाहा. जकातनाक्याच्या वहीवरून कोणता माल नाक्यावरून गेला ते कळते. तो कोणाच्या घरी शिजला, ते कळत नाही. फोकसची नोंदही तशीच. कळफलक कोणाकडे होता एवढेच ती सांगते. डोळे कोठे होते, मन कोठे होते, याविषयी ती मुकी आहे.

१२/१२
महामारीत परीक्षा घेणाऱ्यांपुढे सोपे पर्याय नव्हते, हे मान्य. अशी नोंद संशयाला निमित्त देऊ शकते, हेही मान्य. पण निमित्त म्हणजे निकाल नव्हे. केवळ या नोंदीवरून कोणाचाही पेपर बंद होऊ नये, कामाचे तास कापले जाऊ नयेत. नोंद त्या व्यक्तीला दाखवावी आणि तिचे म्हणणे ऐकून घ्यावे. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी फोकस जाताच खेळ थांबवावा, मसुदा जतन करावा. ही सूचना त्यासाठीच जन्मली. यंत्राने आपापसांत पाळायच्या सौजन्याचे माणसाविरुद्धच्या साक्षीत रूपांतर करण्याचा अधिकार तिच्या इतिहासात कोठेही सापडत नाही.
(धागा समाप्त)