रमीचा डाव आणि पैशाचा पण

पोळा जवळ आला कीं वऱ्हाडांत बैल सजूं लागतात, आणि त्याच सुमारास जुगाराच्या अड्ड्यांवरील छाप्यांच्या बातम्याही वर्तमानपत्रांत येऊं लागतात. त्या वाचून अनेक पापभीरु गृहस्थ पत्त्यांचा जोडच घरांतून हद्दपार करितात. आम्हांस हा उपाय पटत नाहीं. अमरावती-अकोल्याच्या एखाद्या तरुणास मित्रांच्या बैठकींत रमी शिकावीशी वाटली, तर ती इच्छा मुळींच निंद्य नव्हे. रोग पत्त्यांत नाहीं, पणांत आहे; आणि हा भेद जो करीत नाहीं, त्याचा उपदेश तरुण मंडळी ऐकून घेतात व सोडून देतात.

रमी हा केवळ दैवाचा खेळ नव्हे. तेरा पानें हातीं येतात तीं दैवानें. परंतु त्यांतील कोणतें राखावें आणि कोणतें टाकावें हें बुद्धीचें काम. दोन जोड घेऊन खेळतांना बदामाची पंजी व छक्की हातीं असली, तर खालची चव्वी किंवा वरची सत्ती, अशीं चार पानें उपयोगी पडतात. पंजी आणि सत्ती धरून बसणारास मात्र, जोकर सोडले तर, छक्कीचीं दोनच. माल केव्हां विकावा आणि केव्हां कोठारांत ठेवावा हें जाणणाऱ्या अकोल्याच्या व्यापाऱ्यास हा हिशेब नवा नाहीं. शिवाय समोरच्यानें काय उचललें व काय फेकलें हें स्मरणांत ठेवावें लागतें. सर्वांत मोठा धडा माघारीचा. गुणांवर खेळण्याच्या प्रचलित रीतींत आरंभींच डाव सोडणारावर २० गुण चढतात, मध्यें सोडणारावर ४०, आणि हट्टानें शेवटपर्यंत बसून हरणारावर ८० पर्यंत. वेळीं उठणें हेंही शहाणपण आहे, हें ज्यास पत्त्यांवर उमगलें, त्यास तें व्यवहारांतही उपयोगी पडेल.

कायद्याची दृष्टिही याहून फार वेगळी नाहीं. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे आणि तीन पत्तीच्या पंक्तीस तो बसवितां येत नाहीं, असा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय १९६८ च्या न्यायवृत्तांत नमूद आहे. तो लिहिणारे न्यायमूर्ति हिदायतुल्ला हे, आपला वऱ्हाड ज्या नागपूर उच्च न्यायालयाच्या अधिकारांत होता, त्याचे पूर्वीं मुख्य न्यायाधीश होते. परंतु त्याच निर्णयांत एक इशाराही आहे: पण लावून चाललेल्या खेळांतून जागेचा धनी स्वतःचा नफा काढूं लागला, तर गुन्हा ठरूं शकतो. ज्यास आपल्याकडे ‘नाल’ म्हणतात, तीच ही गोष्ट.

पुढें मोबाईलवरील कंपन्यांनीं निर्णयाचा पूर्वार्ध जाहिरातींत झळकविला आणि इशारा मात्र पोटांत ठेवला. चार मित्रांच्या बैठकींत नवशिक्याचीं पानें उघडीं ठेवून त्यास शिकवितात; त्याची चूक हंसून सोडतात, आणि त्याची शिकण्याची फी म्हणजे दोन टोमणे. मोबाईलवर समोर कोण आहे हें दिसत नाहीं, रात्र सरली तरी डाव मोडत नाहीं, आणि फी पगारांतून जाते. कोणीही जिंको, नाल घेणारा हरत नाहीं. अखेर २०२५ च्या ऑगस्टांत संसदेनें, खेळ कौशल्याचा असो वा दैवाचा, ऑनलाईन पैशाच्या खेळांस बंदी करणारा कायदा संमत केला. त्यांत शिक्षा खेळणारास नसून चालविणारास आहे: तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटी रुपयांपर्यंत दंड. आम्हांस हा रोख योग्य वाटतो. मात्र मोबाईलवरून हुसकलेला पण ओसरीवर येऊन बसला, तर कायदा तेथें काय करणार?

कोणी म्हणेल, पैसा नसेल तर खेळास रंग चढत नाहीं. नुसते दहा रुपये लावले म्हणून काय बिघडलें? आमचें उत्तर असें कीं, दहाचे शंभर होण्यास एक हरलेला डाव पुरतो. कारण हरलेला मनुष्य गेलेलें परत आणावयास बसतो, खेळावयास नव्हे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या आखाड्यांत १९१४ पासून पिढ्यान् पिढ्या घाम गाळीत आल्या, त्या कांहीं पैजेच्या लोभानें नव्हे. ज्या वऱ्हाडांत एक पाऊस चुकला तर वर्षाची कमाई जाते आणि कर्जापायीं जीव दिलेल्या शेतकऱ्यांचें दुःख गांवोगांव ठाऊक आहे, तेथें पण हा विनोद नव्हे. याच अमरावती जिल्ह्यांत जन्मलेल्या गाडगेबाबांनीं कर्ज काढून सण करूं नका म्हणून आयुष्यभर सांगितलें. मग कर्ज काढून डाव मांडणारास काय म्हणावें?

म्हणून आमची सूचना साधी आहे. रमी अवश्य शिकावी व शिकवावी. गुण कागदावर मांडावे, आणि बैठक संपली कीं कागद फाडावा. उठण्याची वेळ बसण्यापूर्वींच ठरवावी. बैठक बंद खोलींत न भरवितां घरांत उजेडीं भरवावी, आणि तींत घरच्या स्त्रियांस व वृद्धांस बरोबरीनें पानें वाटावीं. बुद्धीचा खेळ ही कांहीं पुरुषांची मिरास नव्हे, आणि जेथें सारें घर बसलें आहे तेथें पण लपवितां येत नाहीं. यंदाच्या पोळ्यास ज्या घरीं अशी बैठक भरेल, त्या घरच्या तरुणास अड्ड्याची वाट सांपडण्याची भीति फारच थोडी.