दुधाचे दात आणि शासनाचा हिशेब

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशव्यापी प्रारंभ 6 फेब्रुवारी 2013 रोजी झाला, तो पालघर येथे. पालघर हा त्या वेळी ठाणे जिल्ह्यातील एक तालुका होता. स्वतंत्र जिल्हा झाला तो 1 ऑगस्ट 2014 रोजी. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांमधील तीस व्याधी व व्यंगे शोधावयाची, अंगणवाडीतील बालके वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुले एकदा तपासावयाची, अशी ही योजना. या यादीत दातांचा समावेश आहे, परंतु रोख आहे तो किडीवर. पडून, आपटून वा विटेचा मार लागून दुखावलेल्या दुधाच्या दाताची स्वतंत्र नोंद तिने ठेवलेली नाही. गावोगाव फिरणाऱ्या पथकात दोन आयुष वैद्यक, एक परिचारिका व एक औषधनिर्माता असतो, दंतवैद्य नसतो.

दुधाचा दात, तो पडायचाच! घरातील आजीने असे म्हटले तर ते सांत्वन ठरते. शासनाने तेच म्हणावे, ही शुद्ध पळवाट होय.

कारण दुधाच्या दाताच्या मुळाशी, पातळ हाडापलीकडे, कायमच्या दाताचा अंकुर घडत असतो. दीड-दोन वर्षांचे मूल तोंडावर आपटते तेव्हा मार बसतो तो बहुधा वरच्या पुढच्या दातांना. दात हिरडीत आत रुतला तर त्याचे मूळ थेट या अंकुरावर जाऊ शकते. त्याची फळे दिसतात पाच-सहा वर्षांनी: नव्या दातावर पांढरे वा तपकिरी डाग, एनॅमलच्या कवचाला खड्डे, वाकडे मूळ, किंवा दात बाहेरच न येणे. मार जितक्या लहान वयात, विशेषतः तीन वर्षांच्या आत, तितका हा धोका अधिक. दुधाच्या दाताचा गर मेला तर हिरडीवर पुवाची पुळी येते. काळवंडलेला प्रत्येक दात मात्र मेलेला नसतो. काही पुन्हा उजळतात. म्हणूनच उपटण्याची घाई नको, पण नजर हवी: आठवड्याने, दीड-दोन महिन्यांनी, वर्षाने आणि पुन्हा सहाव्या वर्षी. निखळलेला दुधाचा दात परत बसवावयाचा नसतो, त्याने अंकुरालाच इजा होते. तो सापडलाच नाही तर श्वासनलिकेत गेला नाही ना, हेही पाहावे लागते. दात कौलांवर फेकून उंदराकडे नवा मागण्याची जुनी रीत गोड खरी. पण अंकुरच दुखावला असेल तर उंदराचाही इलाज चालत नाही.

आता ही नजर ठेवायची कोणी? बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आईबाप दोघेही पाळीवर जातात. मूल राहते सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर, सरावली-खैरापाड्याच्या चाळींत. जव्हार-मोखाड्याची आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर वसई-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर उतरतात व पावसाच्या तोंडावर परततात. गावच्या अंगणवाडीत तपासणी होते तेव्हा मूल भट्टीवर रचलेल्या विटांत खेळत असते. बोईसरहून मुंबईचे नायर दंत महाविद्यालय गाठायचे तर शंभर किलोमीटरच्या आसपास प्रवास. तिथे एका मुलासाठी चार खेपा घालायच्या म्हणजे चार दिवसांची मजुरी बुडवायची. ‘पालकांची उदासीनता’ असे अहवालात लिहिणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

जेथे बालके कुपोषणाने मरतात तेथे दातांची कसली कौतुके, असा प्रश्न सज्जन माणसेही विचारतात. 1992 साली वावर-वांगणीत जे घडले त्याची लाज अजून धुतली गेलेली नाही, हे खरेच. पण हिरडीत पू झालेले मूल भाकरी चावत नाही. अर्धपोटी मुलाच्या तोंडातली ठणक हा भुकेचाच प्रश्न आहे. शिवाय गरिबांच्या दुःखांना रांगेत उभे करून ‘आधी हे, मग ते’ म्हणत काहीच न करण्याची कला सत्ताधाऱ्यांना उत्तम साधली आहे.

मुळात ही लेकरे एकटी का पडतात? 1948 च्या कारखाने कायद्याने तीसहून अधिक स्त्री-कामगार असलेल्या कारखान्यात पाळणाघर बंधनकारक केले होते. 2017 मध्ये प्रसूती लाभ कायद्याच्या दुरुस्तीने पन्नास वा अधिक कामगारांच्या आस्थापनेवर ते बंधन घातले. परंतु माणसे निरनिराळ्या कंत्राटदारांच्या हजेरीपटांवर विखुरली की पन्नासचा आकडा भरायचा कोठे? वीटभट्टीवर तर हजेरीपटच नसतो. असते ती उचल. येथे डाव्या-समाजवादी कामगार संघटनांनीही आरशात पाहावे. बोनस आणि महागाई भत्त्यासाठी कारखान्यांच्या दारांशी ठिय्या देणाऱ्यांच्या मागणीपत्रकात पाळणाघर येते ते शेवटच्या कलमात, आणि तडजोडीच्या बैठकीत पहिले गळते तेही तेच.

मागणी साधी आहे. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीपत्रकात ‘दातास मार’ हा रकाना घालावा. जिल्हा स्तरावरील शीघ्र निदान केंद्राच्या रचनेत दंतवैद्याचे पद धरलेले आहे. पालघरमधील त्या पदाची स्थिती प्रशासनाने जाहीर करावी. बोईसरच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून दोन दिवस, दुसऱ्या पाळीच्या कामगारांना सोयीच्या वेळी, मुलांचे दात पाहिले जावेत आणि तेथेच क्ष-किरण चित्र निघावे. फिरते पथक डिसेंबर ते मे या महिन्यांत अंगणवाडीत नव्हे, भट्टीवर गेले पाहिजे.