घुंगरांस दाखला कोणाचा?

ज्या माणसानें उभा जन्म जाखडीच्या मध्यावर बसून ढोलकी वाजविली, त्यास म्हातारपणीं सरकार विचारतें, "तूं कलावंत आहेस यास पुरावा काय?" महाड-पोलादपुराकडील वाचकांस या प्रश्नाचें हसूंही येईल आणि संतापही येईल.

घाटावरच्या वाचकांसाठीं थोडें सांगतों. गणपतींत आमच्या वाड्यावाड्यांवर जाखडी उभी राहते. मधोमध बुवा, ढोलकीवाला, झांजवाला. भोंवतीं पायांत चाळ बांधलेले गडी. एक बारी शक्तीची, दुसरी तुऱ्याची. समोरच्यानें सवाल टाकावा आणि त्याचा जबाब जागच्या जागीं रचून द्यावा. असा जबाब देणारा बुवा पुष्कळदां चार यत्ता शिकलेला असतो. आम्ही अध्यापक विद्यालयांत वृत्तें आणि मात्रा पाठ करून बाहेर पडलों. पण पहांटे तीन वाजतां शंभर माणसांदेखत असा जबाब रचणें आमच्यानें व्हावयाचें नाहीं.

अशा बुवांसाठीं सरकारची योजना आहे, नाहीं असें नाहीं. १९५४-५५ पासून वृद्ध कलावंतांस मानधन मिळतें. आतां तिला राजर्षी शाहू महाराजांचें नांव दिलें आहे, आणि २०२४ पासून दरमहा सरसकट ५,००० रुपये ठरले आहेत. हें चांगलें झालें, तें आम्ही मोकळेपणीं म्हणतों. पण एका जिल्ह्यांतून वर्षाला माणसें घ्यावयाचीं शंभर. रायगड जिल्ह्यांत तालुके पंधरा. वांटणी अगदीं सरळ झाली असें धरलें तरी पोलादपुराच्या वांट्यास सहा-सात. त्यांतही कार्यक्रमांचे दाखले, वर्तमानपत्रांतील कात्रणें, छायाचित्रें ज्याच्यापाशीं, तो पुढें. ज्याच्यापाशीं नुसता गळा आणि बोटें, तो मागें.

मध्यंतरीं आम्हीं एका वृद्ध ढोलकीवाल्याचा अर्ज भरून दिला. एका कचेरींतून तो परत आला, कारण काय तर कात्रण जोडलेलें नाहीं. अहो, ज्या वाडीवर एस.टी. चढत नाहीं, तेथें वार्ताहर कशाला चढेल? आणि ज्यांच्यापाशीं चार कागद होते, त्यांच्या कागदांचें काय झालें? २२ जुलै २०२१ रोजीं सावित्री-गांधारीच्या पुरानें महाड बुडालें, तळियेवर दरड आली, पोलादपुरांत केवनाळें आणि साखर सुतारवाडी येथेंही डोंगर खालीं आला. जेथें माणसें गेलीं, तेथें कात्रणें कोण राखणार?

दिल्लीच्या अनुदानांची तऱ्हा आणखी निराळी. तेथें संस्था नोंदलेली हवी, तीन वर्षांचे तपासलेले हिशेब हवेत. जाखडीच्या बारीस अध्यक्ष नसतो, चिटणीस नसतो. असतो तो बुवा आणि त्याचा शब्द. मग शहरांतील कोणी हुशार मनुष्य संस्था नोंदवितो, इंग्रजींत प्रकल्प लिहितो, आणि आमचे गडी त्याच्या रंगमंचावर दहा मिनिटें नाचून, प्रवासखर्च घेऊन परत येतात. आमच्या कातकरी बायांची गोष्ट तर बोलूंच नये. दिवाळीनंतर त्यांचीं कुटुंबें वीटभट्टीवर आणि कोळशाच्या भट्टीवर जातात, तीं पावसाच्या तोंडावर परततात. त्यांच्या लग्नांतल्या गाण्यांस कार्यक्रमाचा दाखला कोण देणार? वीटभट्टीचा मुकादम?

यावर कांहीं विद्वान म्हणतात कीं, लोककला लोकांच्या पैशावर जगावी. सत्यशोधकांचे जलसे कोणत्या अनुदानावर चालले? प्रश्न बरा आहे. ते जलसे रयतेच्या भाकरीवर चालले, हें खरें. पण तेव्हां भाकरी देणारें गांव भरलेलें होतें. आज आमच्या वाड्यांत घरें कुलुपांत आणि गडी मुंबई-सुरतेस. शिवाय अनुदान कोणाचें? तो पैसा रयतेच्याच करांतला. मोठ्या महोत्सवाच्या मांडवास तो चालतो आणि ढोलकीच्या पुडीस मात्र तो विटाळतो, हें तर्कशास्त्र आम्हांस शिकविलेलें नाहीं.

ज्या शाहू महाराजांचें नांव योजनेस दिलें, त्यांनीं १९१५ सालीं कोल्हापुरांत पॅलेस थिएटर उभें केलें, अल्लादिया खांसाहेबांस आश्रय दिला. खांसाहेबांपाशीं त्यांनीं कात्रणें मागितल्याचें आमच्या तरी वाचनांत नाहीं.

मुंबईकर मंडळांसही दोन शब्द. गणपतींत एकरंगी सदरे शिवतां, कानठळ्या बसविणारे कर्णे आणतां, आणि बुवास शाल-नारळ देऊन मोकळे होतां. शाल-नारळानें औषधाची चिठ्ठी भागत नाहीं, बाबांनो.

आमचें मागणें अवघड नाहीं. ज्या बुवास गांवानें तीस-चाळीस वर्षें ऐकलें, त्याच्याविषयीं ग्रामसभेचा ठराव हाच पुरावा मानावा. नोंदणी नसलेल्या बारीस ग्रामपंचायतीमार्फत लहान रक्कम मिळावी: चाळांस, ढोलकीस, आणि मुख्य म्हणजे श्रावणांत चार पोरांस शिकविणाऱ्या बुवाच्या मजुरीस. तेवढे दिवस त्याची रोजंदारी बुडते, आणि शिकवणी तेथेंच थांबते.

१५ ऑगस्टला ग्रामसभा भरते. ठराव आधींच लिहून ठेवावा: बुवाचें नांव, वय, बारी शक्तीची कीं तुऱ्याची, किती वर्षें उभा राहिला, कोणाकोणास शिकविलें. खालीं सरपंचाची सही आणि गांवाच्या सह्या व अंगठे. एक नक्कल जिल्हा समितीकडे पोंचती करून पोंच घ्यावी, दुसरी या पत्राकडे पाठवावी. ज्यांस लिहिण्याची अडचण असेल, त्यांनीं आपल्या शाळेच्या गुरुजींस गांठावें.